आंबटमास्तरांची डोळेमीट

फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही, म्हणून मी फोनवर फार शूर असतो. समोरासमोर मात्र माझं काही चालत नाही. मनात जे असेल ते माझ्या तोंडावर छापून येतं, आणि तेही ठळक अक्षरांत. पाणीपुरवठा कार्यालयात मला सुरुवातीला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं होतं. तिसऱ्याच दिवशी साहेबांनी तिथून उठवलं. कारण 'आठ दिवसांत तुमचं काम होईल' असं मी म्हणायचो, आणि माझं तोंड बघून समोरचा माणूस तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसायचा. तेव्हापासून मी मागच्या खोलीत फायलींबरोबर असतो.

घरी मात्र या तोंडाला मान आहे. बायको पहिलं ताट मला वाढते. वाढते आणि मी पहिला घास गिळेपर्यंत हात पुसत समोर उभी राहते. एकोणतीस वर्षांत एक दिवस खंड नाही. हल्लीच्या दिवसांत एवढी माया कुठे बघायला मिळते, असं मी कार्यालयात चार जणांना ऐकवूनही झालंय.

तर सोमवारी संध्याकाळी फोन वाजला आणि तो मी घेतला. एवढंच माझ्याकडून झालं. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

"आंबटमास्तर आहेत का?" एका बाईंचा आवाज.

आंबटमास्तर म्हणजे आमचे बाबा. हे नाव त्यांना पडलं ते गोळ्यांच्या कारखान्यात. बाबांनी तिथे पस्तीस वर्षं नोकरी केली, आणि सगळी आंबट खात्यात. साखरेचा पाक उकळून लोखंडी टेबलावर ओतायचा, तो निवत आला की त्यात आंबट टाकून कणकेसारखा मळायचा, मग त्याच्या दोऱ्या वळून गोळ्या पाडायच्या. किती आंबट टाकायचं हे ठरवणारी जीभ एकच, ती आमच्या बाबांची. त्यांच्या टेबलावर दोन डबे असायचे. एकात लिंबाचं सत्त्व, दुसऱ्यात सफरचंदाचं. दोन्ही पांढरी, दोन्ही दिसायला सारखीच. बाबा सांगायचे, "लिंबाचं आंबट फेरीवाल्यासारखं असतं. आलं, ओरडलं, गेलं. सफरचंदाचं आंबट तुझ्या मामासारखं. हळूच येतं आणि मग मुक्काम ठोकतं." या दोघांचं बरोबर प्रमाण जमवून बाबांनी एक पिवळी गोळी काढली होती. तिचं नाव 'डोळेमीट'. एकेकाळी आमच्या शहरात असं पोर नव्हतं, ज्याच्या गालात ही गोळी नव्हती.

फोनवरच्या बाई त्याच कारखान्याच्या धाकट्या मालकीणबाई होत्या. थोरल्या मालकांची लेक. बाबा निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत डोळेमीट बंद पडली होती, आणि ती त्यांना आता पुन्हा काढायची होती. पाकिटावर 'आंबटमास्तरांची डोळेमीट' असं छापायचं होतं. अडचण एवढीच, की प्रमाणाची वही गळक्या छताखाली भिजून तिची शाई पसरली होती.

"आम्ही अंदाजाने सात प्रकारच्या गोळ्या केल्यात. त्यातली खरी कुठली ते मास्तरकाकांनी सांगायचं. जमेल ना त्यांना? वय झालं असेल आता."

इथे मी म्हणायला हवं होतं, की विचारून सांगतो. पण मी फोनवर होतो.

"वय? अहो, बाबांची जीभ म्हणजे सोनाराचा काटा आहे! चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले, पण आजही चिमूटभर इकडचं तिकडे झालं तरी सांगतील!"

"मग रविवारी येते. आणि तुम्ही असाल ना घरी?"

"असेन की."

"नक्की ना? तुम्ही असायला हवं."

"हो हो, आहेच मी."

फोन ठेवायच्या आधी त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मला बरं वाटलं. एवढ्या मोठ्या घरच्या बाई, पण माणसं किती धरून ठेवतात!

मागे वळलो तर बाबा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाटलं, खूश होतील. ते खुर्चीवर जाऊन बसले.

"बाबा, डोळेमीट पुन्हा निघतेय! तुमच्या नावाने!"

"मला विचारून 'हो' म्हणायचं होतंस."

"पण तुम्हाला नकोय का ती निघायला?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "आयुष्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली रे. तेवढी एकच. ती पुन्हा एकदा दुकानातल्या बरणीत दिसली तर मी सुखाने डोळे मिटीन. पण रविवारी माझ्याकडून चूक झाली तर काय? पस्तीस वर्षांचं नाव एका गोळीत जाईल."

त्या दिवशी ते अर्धंच जेवले. मंगळवारीही तेच. बायको म्हणाली, "जिभेला हाड नसतं म्हणतात, ते तुमच्याकडे बघूनच. म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर लावलात?"

मी विचार केला. चोवीस वर्षं बाबांनी आंबट चाखलेलं नाही. जिभेचा सराव गेला असणार, म्हणून घाबरलेत. मग सराव करून घेऊ या की! नाहीतर मुलगा असतो कशाला?

बुधवारी अर्धी रजा टाकून बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. "लिंबाचं सत्त्व एक किलो, सफरचंदाचं एक किलो."

दुकानदाराने चष्मा वर केला. "सरबताचा कारखाना काढताय?"

"नाही, घरीच लागतंय."

"अहो, जॅमला चमचाभर लागतं. बाटलीभर सरबताला त्याहून कमी. कापलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून लावायचं, तर नुसती चिमूट. घरात पाव किलो लोकांना वर्षभर पुरतं. एवढं करताय काय?"

"वडिलांची परीक्षा आहे रविवारी."

"वय काय त्यांचं?"

"चौऱ्याऐंशी."

त्याने चष्मा खाली घेतला आणि दोन्ही पुड्या बांधल्या.

पिशवी घेऊन चालताना एका पुडीतून थोडी भुकटी बोटांना लागली आणि मी सवयीने बोट चाटलं. भर रस्त्यात! आणि क्षणात मी आठ वर्षांचा झालो.

आमच्या लहानपणी बाबा कारखान्यातून आले, की मी आणि ताई त्यांच्या हातांवर तुटून पडायचो. कितीही धुतले तरी त्यांचे हात आंबट लागायचे. मनगट ताईचं, बोटं माझी, अशी वाटणी होती. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यासुद्धा आंबट. (मी एकदा वाळत घातलेला सदरा चोखताना सापडलो होतो. आईने मला चोपलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं की माती खात होता. ते तिला कमी लाजिरवाणं वाटलं.) मग बाबा हातपाय धुऊन दिव्याखालच्या खुर्चीत बसायचे, खिशातून कागदाची पुडी काढायचे आणि मला बोलवायचे. "ये रे. आ कर." पुडीत तीन गोळ्या असायच्या. त्यातली पहिली नेहमी माझ्या जिभेवर. गोळी विरघळेपर्यंत ते माझ्याकडे असे बघत बसायचे, की जगात माझ्याशिवाय दुसरं काही नाहीच. आई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायची. ताई रुसायची, "मला का नाही आधी?" पण पहिला मान माझाच. मी कॉलेजात गेलो तरी हे चालू होतं. नोकरीला लागलो तरी. लग्नाच्या दिवशी सकाळी मी नवे कपडे घालून तयार, तर बाबांनी मला बाजूला घेतलं. म्हटलं, आता संसाराबद्दल चार शब्द सांगतील. त्यांनी खिशातून पुडी काढली. "आ कर." आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्याच फोटोत माझा उजवा डोळा मिटलेला आहे.

आयुष्यात मला कुणी पहिला नंबर दिलेला नाही. शाळेत नाही, कार्यालयात तर नाहीच. पण त्या खुर्चीसमोर रोज संध्याकाळी मी पहिला होतो, आणि त्या एका गोष्टीवर मी बाकीचं सगळं आयुष्य निभावून नेलं.

असो. गुरुवारी सराव सुरू केला. जेवणाच्या टेबलावर नऊ ग्लास मांडले. पाणी, साखर, आणि प्रत्येकात आंबटाचं वेगळं प्रमाण. खाली चिठ्ठ्या. बाबांना आणून बसवलं.

"आधी तू पी," बाबा म्हणाले.

"अहो, सराव तुमचा आहे."

"तू पी रे आधी."

मी प्यालो. बाबांनी मग तोच ग्लास ओठांना लावला न लावला आणि म्हणाले, "कमी आहे." चिठ्ठी बघितली. कमीच होतं! दुसरा. आधी मी, मग ते. "जास्त." बरोबर! तिसरा, चौथा, नऊच्या नऊ बरोबर. मी टाळ्या वाजवायच्याच बाकी ठेवल्या. बाबांचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे टक लावून बघत पुटपुटले, "अजून आहे. जशीच्या तशी आहे."

"जीभ ना?"

"हं? हो, हो. जीभच."

बायको तिथेच बसून शेंगा सोलत होती. म्हटलं, "तूही घे एक घोट." तर म्हणाली, "मला नका सांगू. मला काही चाखायची सवय नाही." आणि सासऱ्यांकडे बघून गालातल्या गालात हसली. मी दुर्लक्ष केलं.

त्या दिवशी बाबा पोटभर जेवले. इथे थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, पाण्यावरचा सराव निराळा आणि गोळीवरचा निराळा. खरी गोळी केली पाहिजे. शुक्रवारी आजारी असल्याचं कार्यालयात कळवलं (फोनवरच) आणि बायको भाजी आणायला गेल्याचं बघून तिची नवी कढई खाली उतरवली. साखर टाकली, पाणी टाकलं आणि विसरायला नको म्हणून आंबटही सुरुवातीलाच टाकलं.

पाक उकळला. सोनेरी रंग आला. मी तो ओट्यावर ओतला आणि वाट बघत बसलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. घट्ट व्हायचं नाव नाही. बोट लावून बघितलं, बोट वर येईना. दुसऱ्या हाताने सोडवायला गेलो तर तोही हात अडकला. तेवढ्यात फोन वाजला. कोपराने उचलायला गेलो आणि फोन कोपराला चिकटला. त्यातून साहेबांचा आवाज, "तब्येत कशी आहे?"

"जागेवरून हलता येत नाहीये, साहेब," मी म्हणालो. नोकरीत इतकं खरं मी कधीच बोललो नव्हतो.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ओटा बघितला, मला बघितलं. "आंबट कधी टाकलंस?"

"सुरुवातीला."

"आंबट टाकून उकळलं की पाक आपला धर्म सोडतो. मग तो गोळी होत नाही, जन्मभर डिंकच राहतो. गॅस बंद केल्यावर टाकायचं असतं."

"हे तुम्ही आधी सांगायचं होतं!"

"तू विचारलं होतंस?"

बायको आली. तिने कढई बघितली, ओटा बघितला आणि गरम पाण्याची बादली आणली. मला सोडवण्याआधी तिने कढई सोडवली. ओटा पुसताना एकच वाक्य बोलली, "मला आत्तापर्यंत वाटायचं, तुम्ही घरात काही काम करत नाही हे वाईट आहे."

आता एखाद्या शहाण्या माणसाने तोबा केली असती. मी शनिवारी दुपारी, बाबांचा डोळा लागलेला असताना, दोन्ही पुड्या घेऊन एकटाच बसलो. उद्या बाबांच्या शेजारी बसायचं, तर आपल्यालाही दोन गोष्टी कळायला हव्यात. लिंबाचं कुठलं, सफरचंदाचं कुठलं, हे नुसतं जिभेवर ठेवून ओळखायचं ठरवलं. एक चिमूट ह्याची, एक चिमूट त्याची. मग मिश्रण. मग पुन्हा पहिल्यापासून, कारण पुड्यांची अदलाबदल झाली होती. तासाभराने मला काहीच ओळखू येईना, म्हणून मी चिमटीऐवजी चमचा घेतला.

संध्याकाळी पाणी प्यालो तर जिभेवरून किसणी फिरवल्यासारखं वाटलं. आरशात बघितलं. जीभ लालभडक, सोललेली. बायकोने गार दूध दिलं आणि म्हणाली, "बाबांना सांगा."

"छे, उगाच काळजी करतील. चाखायचं त्यांना आहे, मला थोडंच?"

ती काहीतरी बोलणार होती, पण नुसता कपाळाला हात लावून आत गेली.

रविवारी बाबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मालकीणबाई आल्या. चाळिशीच्या, साध्या, बोलायला लाघवी. वाकून नमस्कार केला, आपल्या वडिलांची खुशाली सांगितली आणि टेबलावर सात बरण्या मांडल्या. बरण्यांवर नुसते आकडे. सगळ्या गोळ्या पिवळ्या, अगदी तशाच. मला तर बघूनच भरून आलं.

"करा सुरुवात, मास्तरकाका."

बाबांनी पहिल्या बरणीतली गोळी तोंडात टाकली. डोळे मिटले. ती या गालातून त्या गालात फिरवली. बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल गेली तेवढाच आवाज.

"हं," बाबा म्हणाले. "ह्यालाही द्या एक."

मी गोळी जिभेवर ठेवली.

आई गं! कुणीतरी जिभेवर निखारा ठेवून वरून दाबल्यासारखं झालं. माझे दोन्ही डोळे घट्ट मिटले, खांदे कानांपर्यंत गेले आणि डावा पाय जमिनीपासून वर उचलला गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"हीच!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले. आवाजात विशीतल्या पोराचा उत्साह. "पहिल्याच बरणीत निघाली! हीच डोळेमीट! शंकाच नाही!"

मालकीणबाई हातातलं पेन खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "काका, ही नुसती साखरेची आहे. तुलनेसाठी आणली होती. हिच्यात आंबट घातलेलंच नाही."

मला माझ्याच गालातली गोळी वाजलेली ऐकू आली. बाबा उभेच होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जीभ दाखव."

"बाबा, ते जरा..."

"दाखव म्हणतो ना!"

छप्पन्न वर्षांचा मी, परक्या बाईंसमोर जीभ बाहेर काढून उभा राहिलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी जीभ दाखवून केलं.

"काय करून ठेवलंस हे?" बाबा खाली बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. मला अजूनही कळत नव्हतं, की जीभ माझी सोलली तर बाबांचं का चुकलं!

बाबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला खोटं सांगून पाकिटावर नाव छापून घ्यायचं नाही मला. माझी जीभ गेलेली आहे. आज नाही. अठ्ठेचाळीस वर्षं झाली."

"काय?" हे मी ओरडलो.

"अकरा वर्षं रोज चाळीस-चाळीस वेळा आंबट चाखलं. एक दिवस लक्षात आलं की काही लागतच नाही. गोड नाही, आंबट नाही. सांगितलं असतं तर पॅकिंगला बसवलं असतं. पॅकिंग वाईट नाही, पण मी आंबटमास्तर राहिलो नसतो. त्या संध्याकाळी नमुन्याच्या गोळ्या घेऊन घरी आलो आणि हिला म्हटलं, माझी नोकरी संपली. आमची ही म्हणाली, पोराच्या तोंडात टाकून बघा. हा तेव्हा तिसरीत होता. ताईला काही उपयोग नव्हता. ती दगड. काहीही द्या, 'छान आहे बाबा'. पण ह्याचं तोंड!" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "उजवा डोळा मिटला की आंबट कमी. दोन्ही मिटले की बरोबर. दोन्ही मिटून कान हलले की जास्त. चिमटीचाही फरक कळायचा. अख्खी डोळेमीट मी ह्याच्या तोंडावर बसवली. नाव कशावरून पडलं असं वाटतं तुम्हाला?"

मी हळूच भिंतीला टेकलो. बाबा मान खाली घालून म्हणाले, "तुमच्या वडिलांना सांगा, मास्तरांनी पस्तीस नाही, चोवीस वर्षं फसवलं. आधीची अकरा खरी होती."



मालकीणबाई हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग मोकळ्याने. "काका, माझ्या वडिलांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. पहिल्यापासून. एकदा संध्याकाळी ते तुमच्याकडे काही निरोप घेऊन आले होते. खिडकीतून बघितलं, तर तुम्ही दिव्याखाली बसून मुलाचं तोंड न्याहाळताय. ते तसेच परत फिरले. घरी येऊन आईला म्हणाले, आपल्याकडे आता एका पगारात दोन माणसं आहेत. परवा मला बजावून सांगितलं, मास्तरांकडे जा, पण मुलगा घरी असेल त्याच दिवशी जा. म्हणून तर तीन वेळा विचारलं मी!"

बाबा मालकीणबाईंकडे बघतच राहिले. अठ्ठेचाळीस वर्षं या माणसाने ही धास्ती उराशी बाळगली होती, आणि ज्याच्यापासून लपवायचं तो खिडकीबाहेरून बघून गेला होता. बाबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. (आता ती बाही आंबट नसते.) "मालक कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाले.

मालकीणबाई बरण्या ठेवून गेल्या. आठ दिवसांनी, माझी जीभ भरून आल्यावर येते म्हणाल्या.

दार लागल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. मला विचारायचं नव्हतं, पण मी म्हटलं ना, माझ्या तोंडावर सगळं दिसतं.

"बोल," बाबा म्हणाले.

"म्हणजे ते लाड नव्हते. रोज संध्याकाळी. मला वाटायचं..."

पुढे बोलता येईना. जीभही दुखत होती.

बाबांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "तपासायला एक गोळी लागायची. मी पुडीत तीन आणायचो. एक ताईची. आणि तिसरी?"

तिसरीही माझीच असायची. गोष्ट ऐकत झोपायच्या आधी.

"मग?" बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले. मी त्या खुर्चीपाशी बराच वेळ उभा राहिलो.

पुढचे आठ दिवस माझी बडदास्त विचारू नका. गार दूध, मऊ भात, मीठ नाही, मसाला नाही. बाबा रोज सकाळी खिडकीपाशी नेऊन माझी जीभ बघायचे. कार्यालयात जाताना दारातून सांगायचे, "गरम चहा पिऊ नकोस!" इतकी काळजी माझी कुणी दहावीच्या परीक्षेतही घेतली नव्हती.

दुसऱ्या रविवारी पाचव्या बरणीला माझे दोन्ही डोळे आपोआप मिटले. कान हलले नाहीत. मिटल्या डोळ्यांसमोर ती खुर्ची होती, दिवा होता, खांद्यावरून वाकलेली आई होती. डोळे उघडले तर समोर बाबा, माझ्याकडे तसेच बघत होते, की जगात माझ्याशिवाय दुसरं काही नाहीच.

"पाच," बाबा शांतपणे म्हणाले. "लिहून घ्या."

मालकीणबाईंनी नव्या वहीत लिहिलं. मी वाकून बघितलं, आपलंही नाव आहे का कुठे. 'तपासणी: आंबटमास्तर.' त्याच्या खालच्या ओळीत: 'साधन: मास्तरांचा मुलगा.'

त्या गेल्या आणि आम्ही जेवायला बसलो. बायकोने नेहमीप्रमाणे पहिलं ताट मला वाढलं आणि हात पुसत समोर उभी राहिली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, "बघ, वडिलांनी मला चोवीस वर्षं साधन म्हणून वापरलं. कारखान्याच्या वहीतही तसंच लिहिलं गेलं. पण या घरात एक माणूस असं आहे, की जे मला काही न बघता पहिलं ताट..."

बोलता बोलता भाजीचा घास घेतला. आणि माझी नजर वर गेली. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. अगदी बाबांसारखी. हातात मिठाचा चमचा.

"तू..." माझा घास तसाच राहिला. "तू स्वयंपाक करताना भाजी चाखतेस ना?"

"मी कशाला चाखू?" ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, चाखून तोंड कशाला खराब करतेस? ह्याला आधी वाढ आणि बघत राहा."

बाबा ठसका लागेपर्यंत हसले. आई गेल्यापासून सहा वर्षांत ते असे हसले नव्हते. मग समोरची अळणी भाजी खाऊन, आईला आयुष्यभर सांगत आले तेच म्हणाले, "छान झालीये."

बायकोने पातेल्यात चमचाभर मीठ टाकून ढवळलं, बाबांना पुन्हा वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि जेवायला बसली.

"आणि माझ्या ताटात मीठ?" मी विचारलं.

"आता तुम्हाला कशाला?" ती म्हणाली. "तुमचं काम झालं."